ग्रुंभचा वरचा दात

साडेसात हे काही त्याचं खरं नाव नव्हतं. व्हिडिओ गेममधल्या पात्रांच्या जुन्या बाहुल्या पारखायच्या आणि त्यांना दहापैकी मार्क द्यायचे, हा त्याचा धंदा. इतक्या वर्षांत त्याचा हात साडेसातच्या वर गेलेला कोणी पाहिला नव्हता, म्हणून धंद्यातली माणसं त्याला साडेसात म्हणत. ज्यांच्या वस्तूंना तेवढेही मिळत नसत ती पाठीमागे साडेसाती म्हणत, आणि हे त्यालाही माहीत होतं. त्याचं म्हणणं सरळ होतं. दहा म्हणजे निर्दोष, आणि निर्दोष वस्तू त्याच्या टेबलावर अजून आलेली नव्हती. कुठे डोळ्याचा रंग पापणीबाहेर गेलेला असतो, कुठे गुडघा ढिला असतो, कुठे पाठीवर साच्याची शिवण तशीच राहिलेली असते. भिंग हातात घेतल्यावर कोणाचीच धडगत नसते.

ही खोड घरीही सुटत नसे. चहाचा पहिला घोट घेऊन तो 'सहा' म्हणाला, तेव्हा बायकोने लग्नाच्या पहिल्याच महिन्यात कायदा केला की घरात आकडे बोलायचे नाहीत. तेव्हापासून तो मनातल्या मनात मार्क देई. ते चेहऱ्यावर उमटत आणि बायको ते वाचून घेई, पण निदान वाद होत नसत.

एक आकडा मात्र कायद्याच्या आधीच तोंडून निसटला होता. त्याचे सासरे कवळ्या बनवत. शहरातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू आपल्या हातचं आहे, असं ते स्वतःच सांगत, आणि न विचारता सांगत. जावई पहिल्यांदा घरी आला तेव्हा त्यांनी कपाटातून मखमली डबी काढली. आत वरची-खालची अख्खी कवळी होती. कोणा गिऱ्हाइकाने करायला सांगितली होती आणि मग ते न्यायला आलंच नव्हतं. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम म्हणून सासऱ्यांनी ती जपून ठेवली होती. साडेसातने ती खिडकीपाशी नेली, उजेडात फिरवून पाहिली आणि सवयीने बोलून गेला, "सात."

सासऱ्यांनी डबी मिटली. सात म्हणजे फार झाले, सात मी सहसा कोणाला देत नाही, हे त्याने नंतर परोपरीने सांगून पाहिलं, पण बूंद से गेली ती हौद से येत नसते. तेव्हापासून सासऱ्यांचा त्याच्यावर दात होता.

आणि आता तेच सासरे त्याच्या घरी राहायला आले होते. कवळ्या मशीनवर कापल्या जाऊ लागल्या, त्यांचं दुकान बंद पडलं, आणि एकट्याने राहण्यापेक्षा लेकीकडे बरं म्हणून ते आले. हत्यारं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घालून पलंगाखाली सरकवली होती. पहिल्या काही आठवड्यांत त्यांनी घरातलं बिघडलेलं सगळं दुरुस्त केलं. मग बिघडलेलं काही उरलं नाही, म्हणून चांगल्या वस्तूंकडे मोर्चा वळवला. नळ इतके घट्ट बसवले की घरातल्या कोणालाच उघडेनात. किल्ल्यांना कानस मारून त्या अशा गुळगुळीत केल्या की त्या कुलपात फिरेनात. उरलेला वेळ ते लोकांचे दात बघत. टीव्हीवर बातम्या सांगणाऱ्या बाईचं तोंड उघडलं की "वरचा डावीकडचा दात नकली आहे, आणि भिकार आहे," असं म्हणून ते चॅनल बदलायला लावत. बायको म्हणायची, बाबांचे हात रिकामे आहेत हो, म्हणून ते असं करतात. साडेसातला ते पटायचं, पण नळ उघडायला पक्कड घ्यावी लागली की पटेनासं व्हायचं.

अशा दिवसांत त्याच्याकडे ग्रुंभ आला.

'काळखिंड' नावाच्या जुन्या व्हिडिओ गेममध्ये खिंडीच्या तोंडाशी बसलेला राक्षस म्हणजे ग्रुंभ. त्याला खायला घातल्याशिवाय तो कोणाला पुढे सोडत नसे. त्याची वीतभर उंचीची बाहुली त्या काळी निघाली होती. शिंगं, गदा, कापडी झगा, आणि पाठीवरचं बटण दाबलं की उघडणारा जबडा. ही बाहुली घेऊन आलेली बाई तलावावर मुलांना पोहायला शिकवत असे. दिवसभर पाण्यापलीकडे ओरडून ओरडून तिचा आवाज तसाच झाला होता, त्यामुळे तिची कहाणी साडेसातच्या दुकानात भिंत रंगवणाऱ्या रंगाऱ्यांनीही हातातलं काम थांबवून ऐकली.

कहाणी अशी. ग्रुंभ घरी आला तेव्हा ती लहान होती. थोड्या दिवसांनी वडिलांच्या लक्षात आलं की ग्रुंभचा वरचा एक दात नाही. मोठ्या भावाने सांगितलं, हिने तोडला. तिने सांगितलं, तो असाच आला होता. कोणी ऐकलं नाही. त्या सुट्टीत सगळे समुद्रावर गेले आणि तिला शिक्षा म्हणून मावशीकडे ठेवलं. पुढे दोघं मोठी झाली, आई-वडील गेले, भाऊ विमा कंपनीत नुकसान तपासणारा अधिकारी झाला. पण कुठल्याही समारंभात तोंड गोड झालं की तो अजून म्हणे, ही बघा, ग्रुंभचा दात पाडणारी. आणि परवा तिच्या वाचनात आलं होतं की या बाहुलीच्या पहिल्या खेपेत साच्यातच एक दात राहून गेला होता.

"मला विकायचा नाहीये," ती म्हणाली. "मार्कही नकोत. फक्त एवढं सांगा की दात मी तोडला नाही. आणि ते माझ्या भावाच्या तोंडावर सांगा."

साडेसातला तिचं बोलणं मनापासून आवडलं. बघायचं काय तेही त्याला ठाऊक होतं. दात तुटला असेल तर रंगाखाली त्याचं खोड राहतं. साच्यातच नसेल तर हिरडी सपाट असते. पण त्याचा एक नियम होता. भांडणातली वस्तू दोन्ही पक्ष हजर असल्याशिवाय भिंगाखाली घ्यायची नाही, नाहीतर मागाहून शंभर फाटे फुटतात. भाऊ सोमवारशिवाय मोकळा नव्हता. तोवर ग्रुंभला ठेवायचं कुठे? दुकानात ओल्या रंगाचा वास कोंडला होता आणि तसल्या वासाने जुनं प्लास्टिक चिकट होतं. म्हणून त्याने ग्रुंभच्या उघड्या जबड्यातली ती फट नुसत्या डोळ्यांनी एकदा बघून घेतली, पेटी बंद केली आणि आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाची वस्तू घरी नेली.

रविवारी बायकोच्या मैत्रिणीकडे जेवायला जायचं होतं. सासऱ्यांनी ऐन वेळी गुडघा दुखत असल्याचं सांगितलं. संध्याकाळी दोघं परत आली तेव्हा दार सासऱ्यांनीच उघडलं. हातात काठी नव्हती आणि ते काहीतरी गुणगुणत होते. रात्री जेवताना त्यांनी जावयाला विचारलं, काही पाहिलंत का? साडेसातला वाटलं, टीव्हीबद्दल विचारताहेत. नाही म्हणाला. सकाळी तो पेटी घेऊन निघाला तेव्हा सासरे दारापर्यंत पोचवायला आले, आणि नीट बघा हं, असं म्हणाले. हे त्याला जरा विचित्र वाटलं, पण बस चुकेल म्हणून तो तसाच पळाला.

सोमवारी दुकानाच्या मागच्या खोलीत बहीण-भाऊ टेबलाच्या दोन टोकांना बसले होते, आणि मधे एक खुर्ची मोकळी सोडली होती. साडेसातने टेबलावर पांढरं कापड पसरलं, भिंगाचा दांडा पुढे ओढला, आज आपण कोणाच्याही बाजूचे नाही असं छोटंसं भाषण केलं आणि पेटी उघडून ग्रुंभला मधोमध उभं केलं. पाठीवरचं बटण दाबलं.

जबडा उघडला. ग्रुंभचे सगळे दात जागच्या जागी होते.

साडेसातची दातखीळ बसली. बहीण पुढे वाकली, मागे झाली, पुन्हा वाकली. भाऊ आधी हसला, मग हसता हसता थांबला. साडेसातने भिंग लावलं. वरची ओळ डावीकडून उजवीकडे पाहिली, मग उजवीकडून डावीकडे. प्रत्येक दाताचा तोच मळकट पिवळा रंग, तीच झीज, प्रत्येकाच्या कडेला साच्याची तीच केसाएवढी शिवण. घाम पुसून त्याने तिसऱ्यांदा पाहिलं. मग जे दिसत होतं ते प्रामाणिकपणे सांगितलं, की दात सगळे आहेत, कारखान्यातलेच आहेत, आणि दुरुस्तीची कुठलीच खूण नाही.

यानंतर जे झालं ते त्याच्या कल्पनेच्या पलीकडचं होतं. दात पहिल्यापासून होता असं म्हणावं, तर बहिणीने तो तोडला कसा? म्हणजे भाऊ खोटा. पण दात पहिल्यापासून नव्हता असं बहीण म्हणत होती, म्हणजे तीही खोटी. दोघं एकमेकांकडे बघत राहिली. इतक्या वर्षांचं भांडण, घडी घालून जपलेलं, आणि आज त्याखालची जमीनच कोणी काढून घेतली होती. मग दोघांच्या माना एकदमच साडेसातकडे वळल्या.

भाऊ मधल्या खुर्चीवर सरकून बहिणीच्या शेजारी बसला. त्याने धंद्यातला थंड आवाज काढला आणि वस्तू किती दिवस कोणाच्या ताब्यात होती असं विचारलं. बहिणीने सांगितलं. ती कुठे ठेवली होती? साडेसातला 'घरी' म्हणावं लागलं. भाऊ बहिणीकडे बघून मान हलवू लागला. दोघांचं एकमत झालं, बहुधा जन्मात पहिल्यांदाच, की या माणसाने दुर्मिळ ग्रुंभ लांबवून त्या जागी बाजारातला साधा ग्रुंभ ठेवला आहे. आमचा ग्रुंभ परत द्या, असं बहीण तलावावरच्या आवाजात म्हणाली, आणि बाहेर रंगाऱ्याचा ब्रश डब्यात पडल्याचा आवाज आला.

साडेसातच्या तोंडचं पाणी पळालं. आपण चोर नाही हे त्याला माहीत होतं, पण दुसरं काहीच माहीत नव्हतं. त्याहून वाईट हे की ती बाई एक साधं खरं ऐकायला आली होती, आणि ते त्याच्याच घरात कुठेतरी हरवलं होतं. त्याने बायकोला फोन लावला आणि ग्रुंभच्या पेटीला कोणी हात लावला होता का म्हणून विचारलं. मग बायको म्हणाली, "अहो, बाबा कालपासून गुणगुणताहेत. आणि बिस्किटांचा डबा पलंगावर आहे."

सासरे रिक्षाने आले. इस्त्रीचा सदरा, पॉलिश केलेले बूट, काखेत डबा. दुकानात बोलावलं म्हणजे कौतुकाला बोलावलं, अशी त्यांची पक्की समजूत होती. खोलीत शिरताच त्यांनी बहिणीचे दात पाहिले, चांगले ठेवले आहेत म्हणून शाबासकी दिली, भावाला खालची दाढ दाखवून घ्यायला सांगितलं, आणि मग ग्रुंभकडे वळून "काय म्हणतोय पेशंट?" असं विचारलं.

साडेसातने विचारलं, "बाबा, तुम्ही याला दात बसवलात?"

"म्हणजे तुम्हाला दिसला नाही?" सासऱ्यांचा चेहरा उजळला. "भिंगातूनसुद्धा?"

मग ते जे सुरू झाले ते कोणाला आवरेनात. फट बघून त्यांना राहवलंच नाही. एवढा मोठा राक्षस आणि तोंडात खिडकी, शोभतं का? जुन्या कवळीच्या तुकड्यातून त्यांनी तांदळाच्या कणीएवढा दात कोरला. पांढराशुभ्र दात कोणीही करतं. शेजाऱ्यांइतका मळवणं, खरी कला तिथे. चहाच्या पाण्यात ठेवला, पुसला, पुन्हा ठेवला. शेवटी शेजारच्या दातांवर शिवण दिसली म्हणून तशीच याच्यावरही कोरली. जावयाने आपणहून ओळखावं म्हणून दोन वेळा खूण केली, पण जावयाला कळलं नाही, आणि कळलं नाही यातच सगळं आलं, असं म्हणून त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं.

बहीण हलक्या आवाजात, म्हणजे इतर माणसं बोलतात तेवढ्या आवाजात, म्हणाली की मग आता कधीच कळणार नाही.

"का नाही कळणार?" सासऱ्यांनी डब्यातून एक बारीक आकडी काढली. "कवळीवाला काही कायमचं बसवत नसतो, बाई. रोज झोपताना काढून ठेवता यायला हवं." त्यांनी ग्रुंभचं तोंड उघडलं, आकडी लावली आणि मेणाच्या ठिपक्यावर टेकवलेला दात अलगद तळहातावर काढून घेतला.

साडेसातने भिंग लावलं. फटीतली हिरडी सपाट होती. गुलाबी रंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग होता, खाली खोड नव्हतं, खड्डा नव्हता. इथे कधी दात नव्हताच, असं तो म्हणाला. बहिणीने डोळे मिटून घेतले.

पण भाऊ विम्यातला माणूस होता. जो शिवणसुद्धा खोटी काढतो त्याला खोड घासून वर रंग द्यायला किती वेळ लागेल, असं त्याने विचारलं. प्रश्न रास्त होता. उत्तर सासऱ्यांनी दिलं, आणि चांगलेच भडकून दिलं.

"मी एवढं केलं असतं, तर सांगितल्याशिवाय राहिलो असतो का?"

सासऱ्यांची ओळख होऊन पाव तासही झाला नव्हता, पण हे म्हणणं भावालासुद्धा खोडता येईना. सासरे अजून धुसफुसतच होते. उलट मी तर काही हलवलंही नाही, ते म्हणाले. फटीत अगदी आत मेणाच्या खडूचा कण अडकला होता, जांभळा. पेशंटचं जेवण म्हणून तोही तसाच ठेवला आणि दात त्याच्या अलीकडे टेकवला.

"जांभळा?" भाऊ उठून भिंगापाशी आला.

तो बराच वेळ भिंगातून बघत होता. मग तसाच वाकलेला असताना, कोणाकडेही न पाहता बोलू लागला. ग्रुंभला खायला घालावं लागतं, म्हणून तो घरी आला त्याच दिवशी त्याने त्याला रंगीत खडूंची अख्खी पेटी भरवली होती. आईने संध्याकाळी उरलेले खडू काढून घेतले, ते पुन्हा कधी मिळालेच नाहीत. तेव्हा जांभळा खडू फटीत गेला असेल तर तो त्याच दिवशी. म्हणजे फट त्या दिवशीही होती.

"आणि त्या दिवशी मी हिला त्याला हातही लावू दिला नव्हता," तो म्हणाला.

भाऊ सरळ उभा राहिला आणि बहिणीला म्हणाला की मी मुद्दाम खोटं बोललो नव्हतो गं, मला खरंच वाटलं होतं तूच तोडलास.

"माहीत आहे," ती म्हणाली. "म्हणून तर जास्त राग यायचा."

मग ती रडली. तिचं रडणंही मोठ्या आवाजातलं होतं. भावाने खिशातून रुमाल काढून दिला आणि पुढच्या सुट्टीत समुद्रावर जाऊ, असं पुटपुटला. रडता रडताच तिने बजावलं की पोहायला मी शिकवीन, तुला अजून धड तरंगता येत नाही.

साडेसातने कागद केला. दात मुळातच नाही, कोणी तोडलेला नाही, असं ठळक अक्षरात लिहून खाली सही केली. बहिणीला मार्क नको होते, पण त्याच्या हाताला राहवेना. रंग सहा, सांधे साडेपाच, झगा चार, एकूण पाच. दोघं ग्रुंभला मधे धरून बाहेर पडली आणि जिन्यातच पेटी कोणाकडे राहणार यावरून त्यांचं पुन्हा सुरू झालं.

सासरे मात्र खुर्चीतच बसून होते. गुणगुणणं थांबलं होतं. तळहातावरच्या कणीकडे ते बघत होते, आणि साडेसातला कळलं की स्वतः काय करून बसलो ते या माणसाला आता उमगतंय. हा दात कोणालाच नको होता. राक्षसालासुद्धा नाही. डब्याचं झाकण उघडून ते दात आत टाकू लागले.

"थांबा," साडेसात म्हणाला. त्याने दात त्यांच्या हातावरून चिमट्याने उचलला, पांढऱ्या कापडावर ठेवला आणि भिंग ओढलं. वरून पाहिला, उलटा केला, कडा पाहिल्या, शिवण पाहिली. दोष शोधायची एवढ्या वर्षांची सवय त्याने सगळी पणाला लावली. खरं तर त्याला दोष सापडायला हवा होता. निदान साडेनऊवर थांबता आलं असतं.

"दहा," तो म्हणाला.

सासऱ्यांनी संशयाने पाहिलं. "कितीपैकी?"

"दहापैकी, बाबा."

सासरे हळूहळू हसले, अगदी तोंड भरून. साडेसात रोज समोर जेवायला बसत असूनही त्याचं कधी लक्ष गेलं नव्हतं. डावीकडून उजवीकडे दातांची अख्खी ओळ दिसली, एकही जन्माचा नव्हता, आणि सगळे त्यांच्या हातचे होते.